दोन पेले, तेवढंच पाणी

मानसशास्त्रातलं बाकी सगळं पुसलं गेलं तरी पियाजेचे पेले डोक्यातून जायचे नाहीत. दोन सारख्या पेल्यांत सारखं पाणी घ्यायचं. मग मुलाच्या डोळ्यांदेखत एकातलं पाणी उंच, अरुंद पेल्यात ओतायचं आणि विचारायचं, आता जास्त कशात? पाच-सहा वर्षांचं मूल बहुधा उंच पेल्याकडे बोट करतं. सातच्या आसपास तेच मूल म्हणतं, तेवढंच आहे की! पहिलं उत्तर पूर्वक्रियात्मक अवस्थेचं, दुसरं मूर्त क्रियात्मक. परीक्षेत एक मार्क.

डहाणूला डी.एड. करताना आम्ही मैत्रिणी परीक्षेआधी घोलवडला एकीच्या चिकूवाडीत जमायचो. एकीने प्रश्न टाकायचा, बाकीच्यांनी उत्तर द्यायचं. जिचं चुकेल तिने खाली पडलेले चिकू वेचायचे. हा नियम मैत्रिणीच्या आईचा. तिचं काम परस्पर होत असे. थॉर्नडाइकचं मांजर, काठीला काठी जोडून केळं ओढणारा कोहलरचा सुलतान, पावलोव्हचा कुत्रा, सगळे त्या झाडांखाली येऊन गेले. पेल्यांची पाळी आली तेव्हा काकूंनी तांब्या आणि फुलपात्र आणून दिलं, वर म्हणाल्या, "यात शिकायचं काय एवढं? सांडू नका म्हणजे झालं."

अशी उजळणी पाठ का होते, हे पुढे वाचनात आलं. रोडिगर आणि कार्पिके या दोघांनी 2006 साली दाखवलं, की उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना आठवड्यानंतर त्यातलं 42 टक्के आठवलं. न बघता आठवून लिहिणाऱ्यांना 56 टक्के. चिकू वेचायची पाळी माझ्यावर वरचेवर यायची, तेव्हा माझी टक्केवारी बरी असणार.

पुढे तलासरीत पाड्यावरची शाळा मिळाली. पहिलीच्या वर्गात पेले मांडले. मुलं अपेक्षेप्रमाणे उंच पेल्याकडे बोट करत गेली. एक मुलगी मात्र पेल्यांकडे न बघता माझ्याकडे बघत म्हणाली, "तेवढंच हाय. तू सांडलंस कुठं?" तिच्या घरी ताडी विकायचे. मडक्यातून बाटलीत, बाटलीतून पेल्यात ओतणं आणि मापावरून होणारी हुज्जत ती रांगायच्या वयापासून पाहत आलेली. मेक्सिकोत 1969 साली प्राइस-विल्यम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांना कुंभारांची मुलं अशीच भेटली. मातीच्या गोळ्याचा आकार बदलला तरी माती तेवढीच राहते, हे त्यांना इतर मुलांपेक्षा लवकर कळत होतं.

त्याहून मला जास्त लागलेली गोष्ट दुसरीच. 1974 साली रोझ आणि ब्लँक या दोघींनी ओळीत मांडलेल्या वस्तूंवर असाच प्रयोग केला, फक्त प्रश्न नेहमीसारखा बदलाआधी आणि बदलानंतर असा दोनदा न विचारता, बदल केल्यानंतर एकदाच विचारला. सहा वर्षांच्या मुलांची बरोबर उत्तरं वाढली. कुठल्याही मास्तराला याचं कारण सांगावं लागू नये. बाईंनी तोच प्रश्न पुन्हा विचारला म्हणजे पहिलं उत्तर चुकलं, एवढं शहाणपण पहिलीतल्या पोराला आठवडाभरात येतं. ते पाण्याचा नव्हे, बाईंच्या चेहऱ्याचा अंदाज घेत असतं.

मूल जिथे असतं तिथल्याच गोष्टींतून शिकतं, हे ओळखायला बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांना प्रयोगशाळा लागली नव्हती. 1945 साली बोर्डीला सुरू केलेलं काम त्यांनी आणि अनुताई वाघांनी कोसबाडच्या टेकडीवर नेलं. गुरांमागे गेलेली मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणावर न्यायची, ही त्यांची कुरणशाळा. शंख-शिंपले, बिया, दगड हीच साधनं. बालमानसशास्त्राच्या गाईडात माँटेसरीबाईंना अख्खं पान मिळतं. कोसबाडला दोन ओळी मिळाल्या तरी मी नशीब समजते.

गाईड पुन्हा हातात यायचं कारण, 1 सप्टेंबर 2025 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक अवधी असलेल्या, टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा पास नसलेल्या शिक्षकांनी दोन वर्षांत ती पास व्हायची, नाहीतर नोकरी गेली. राज्याची टीईटी त्याच वर्षी 23 नोव्हेंबरला होती. दीडशे मार्कांतले तीस बालमानसशास्त्राचे; पास व्हायला साठ टक्के, राखीव प्रवर्गाला पंचावन्न. ज्यांच्या मुलांची लग्नं ठरत होती, ते सर आणि मॅडम दिवाळीच्या सुट्टीत आमच्या ओटीवर गाईड घेऊन बसले. इतकी वर्षं वर्ग सांभाळल्यावर आता आमची पात्रता तपासणार, याचा राग सगळ्यांना होता. माझाही गेलेला नाही. पण मजा यायची ती यायचीच. पावलोव्ह म्हटलं की कोणीतरी खिचडीच्या घंटेचं नाव काढायचं. सगळ्यांना आपापला वर्ग दिसायचा, कारण ती घंटा रोज आम्हीच तर वाजवतो.

पेल्यांचा प्रश्न सराव पेपरात आला. मी त्या मुलीचं सांगितलं. कासाकडचे एक सर म्हणाले, त्यांच्याकडे तेलाच्या बाटलीवरून एका पोराने असंच गप्प केलं होतं. त्यावर शिक्षणसेवक म्हणून नुकतीच लागलेली, टीईटी आधीच पास असलेली आणि आम्हाला शिकवायला आलेली पोरगी वैतागली.

"मॅडम, पर्याय दोन. पूर्वक्रियात्मक. गोल काळा करा आणि पुढे चला."

"पण मुलाला प्रश्न कितीदा विचारला, ते दिलंय का यात?" सर म्हणाले.

तिने प्रश्न पुन्हा वाचला. दिलेलं नव्हतं. मग तीही पेन खाली ठेवून वादात उतरली, आणि कोहलबर्गचं प्रकरण त्या दिवशी राहूनच गेलं.