मागच्या चाकांची गाडी

शाळेच्या वार्षिकांकात शिक्षकाने व्हिडिओ गेमवर लिहावे, ही गोष्ट काही पालकांना रुचणार नाही, हे मी जाणून आहे. मुलांना जे करू नका म्हणून आपण वर्षभर सांगतो, त्याचेच गुणगान गुरुजींनी करावे, हे विपरीत खरेच. तथापि गुणगान करण्याचा माझा हेतू नाही. गेल्या पावसाळ्यात आमच्या घरात तीन पिढ्या एका पडद्यासमोर बसू लागल्या, आणि त्याला कारण झाली ती सात लिटर इंजिनाची एक अमेरिकन गाडी. तिची हकिकत सांगण्यासारखी आहे, एवढेच.

खेळाचे नाव ‘ग्रॅन तुरिस्मो’. काझुनोरी यामाउची या जपानी गृहस्थाने आपल्या सहकाऱ्यांसह तो रचला. पहिला भाग 1997 साली निघाला आणि सातवा 2022 साली. माझा भाचा खेळतो तो हा सातवा. गाड्या पळवण्याचे खेळ पुष्कळ आहेत. परंतु येथे गाडीचे वजन, तिच्या स्प्रिंगा, टायरांची पकड, या सर्वांचा हिशेब खरोखरीच्या गाडीप्रमाणे ठेवलेला असतो. गाडी नुसती विकत घेऊन भागत नाही. ती लावावी लागते. तंबोऱ्याच्या तारा लावाव्यात तशी.

भाच्याने निवडली ती शेल्बी कोब्रा 427. कॅरोल शेल्बी हा टेक्सासचा मनुष्य. 1959 साली त्याने ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली, आणि पुढे एका चिमुकल्या इंग्रजी गाडीत फोर्डचे प्रचंड इंजिन बसवून त्याने कोब्रा जन्माला घातली. इंजिन पुढे, शक्ती मात्र सारी मागच्या दोन चाकांना. पुढच्या चाकांनी ओढली जाणारी गाडी फाजील वेगात सरळच जाऊ पाहते. चालकाने दम खाल्ला की बहुधा सावरते. मागच्या चाकांनी ढकलली जाणारी गाडी तशी नव्हे. टायरची पकड ही एका ठरावीक रकमेसारखी असते. वळण्यासाठी ती जेवढी खर्च होईल, तेवढी वेग घेण्यासाठी कमी उरते. वळणातच कोणी अ‍ॅक्सिलरेटर दाबला, की मागच्या चाकांची रक्कम संपते, शेपूट बाहेर येते, आणि गाडी भोवऱ्याप्रमाणे फिरून आल्या वाटेकडे तोंड करून उभी राहते. भाच्याची कोब्रा पहिल्या आठवड्यात बहुतेक अशीच उभी राहिली.

चाकांचे घसरणे आपोआप रोखणारी ट्रॅक्शन कंट्रोल नावाची सोय खेळात आहे. तिचे आकडे शून्यापासून पाचापर्यंत. पाच ठेवला की गाडी गाय होते, असे भाच्याचे मत. त्याला शून्यच हवा होता. मग मी एक वही घेतली आणि आम्ही दोघे गाडी लावण्यास बसलो.

सर्वांत अधिक वेळ खाल्ला तो डिफरन्शियलने. वळताना बाहेरचे चाक आतल्यापेक्षा अधिक अंतर तोडते. म्हणून दोन्ही चाकांना निरनिराळ्या गतीने फिरू देणारी ही दातेरी चक्रांची योजना. परंतु साध्या डिफरन्शियलमध्ये आतले, ओझे उतरलेले चाक नुसतेच गरगरते आणि शक्ती वाया जाते. म्हणून शर्यतीच्या गाडीत दोन्ही चाके काही प्रमाणात एकमेकांस बांधून ठेवतात, आणि हे बांधणे किती घट्ट असावे याचे तीन आकडे खेळाडूच्या हाती असतात. एक आरंभीचा, एक वेग वाढवतानाचा, एक वेग सोडतानाचा. दुसरा आकडा वाढवला तर दोन्ही चाके एकदिलाने ढकलतात खरी, परंतु पकड सुटली की दोघांचीही एकदमच सुटते. आम्ही तो उतरवला. तिसरा थोडा चढवला. त्यामुळे पाय काढताच शेपूट हलण्याची खोड कमी झाली, पण गाडीचे तोंड वळणात शिरण्यास कुरकुरू लागले. एकाचे मन राखावे तर दुसरे रुसते, असा हा संसार. मागची स्प्रिंग मऊ केली, अंग कलू नये म्हणून असलेली मागची आडवी कांबही मऊ केली, टायर अधिक चिकट घेतले. गाडी पुष्कळ माणसाळली. तरी लांब उताराच्या वळणावर ती अजून दगा देई.

माझे बाबा त्या वेळी कोपऱ्यातल्या खुर्चीत असत. सव्वीस वर्षे त्यांनी डिचोली तालुक्यातील खाणींवरून मांडवीच्या जेटीपर्यंत खनिजाचा टिपर चालवला. 2012 च्या सप्टेंबरात गोव्यातील लोहखनिजाच्या खाणी बंद झाल्या, तेव्हा टिपर महिनोन् महिने अंगणात उभा राहिला आणि अखेर विकला गेला. त्यानंतर बाबा फारसे बोलले नाहीत. मी पुस्तकांतला मनुष्य, ते चाकांतले. जेवलास का, यापलीकडे आमचे संभाषण क्वचित जाई. डॉक्टरांनी त्यांना माणसांत मिसळा असे सांगितले होते. ते मिसळत नसत.

एके संध्याकाळी त्याच उतारावर गाडी फिरली, आणि मागून आवाज आला, “पांय एकदम काडूं नाका!”

आम्ही दोघांनीही वळून पाहिले. बाबा खुर्ची पुढे ओढून बसले होते. मग त्यांनी जे सांगितले ते कोणत्याही भौतिकशास्त्राच्या पुस्तकात शोभले असते. भरलेला टिपर बरा, म्हणाले, रिकामा वाईट. पावसात तांबडी माती रस्त्यावर येते, रिकाम्या टिपरच्या मागच्या चाकांवर ओझे नसते, आणि उतारावर घाबरून पाय काढला की उरलेसुरले ओझेही पुढे धावते. मागचे चाक हलके पडले की ते सुटलेच. म्हणून वळणाआधीच वेग मोडावा. वळणात पाय पुरता काढू नये, पुरता दाबूही नये, नुसता ठेवावा. आणि शेपूट गेलेच तर ते जाईल त्या अंगास स्टिअरिंग वळवावे, पण ते परतू लागताच हातही परतावा. नाहीतर उलट्या अंगाने मार बसतो. “आणि गटाराकडे बघूं नाका. वाटेकडे बघ.”

भाच्याचे बोट त्या खटक्यावर अर्ध्या इंचाइतकेसुद्धा चालत नाही. तेवढ्यात आजोबांचा सारा पाय बसवायचा होता. पंधरा दिवसांत तो बसला.

पुढे आम्ही जर्मनीतील न्युर्बुर्गरिंगच्या उत्तर वळशावर गेलो. 1927 साली खुला झालेला, डोंगरदाट रानातून जाणारा हा वीस किलोमीटरांहून लांब मार्ग. येथेच 1976 साली निकी लाउडा आपल्या गाडीत भाजला, आणि सहा आठवड्यांत पुन्हा शर्यतीस उभा राहिला. हे मी सांगितले तेव्हा बाबा बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिले. त्यांच्या ओळखीचे काही परत उभे राहिले नव्हते.

नंतर त्यांनी विचारले, ह्या गाडीत मागे काही भरता येते का? रिकाम्या फेरीला पावसात थोडा माल मागे ठेवून देत, तसे. मी पाहिले, तर खरोखरच खेळात वजन घालण्याची आणि ते पुढे-मागे सरकवण्याची सोय होती. चाळीस किलो अगदी मागे ठेवले. वळणातून निघताना गाडी जमिनीला धरून चालली. भरधाव वळणांत मात्र तेच वजन लंबकाप्रमाणे ओढू लागले, आणि फेरीला काही सेकंद अधिक लागले. पण सबंध फेरीत ती एकदाही फिरली नाही.

सेकंद गेल्याचे दुःख भाच्याला फार. दुसऱ्या दिवशी त्याने ते वजन गुपचूप काढून टाकले. तिसऱ्याच वळणावर बाबांनी विचारले, “फाटलें वजन खंय गेलें रे?”