किल्ली

“सर, मायक्रोसॉफ्ट ऑफिसमधला फक्त ॲक्सेस काढून टाकता येईल का?”

मागच्या सेमिस्टरला एका रात्री साडेनऊच्या सुमारास सेकंड इयरचा एक मुलगा लॅपटॉप काखेत मारून माझ्या खोलीवर आला. लॅपटॉपमध्ये जागा उरली नव्हती, नवीन सॉफ्टवेअर टाकायचं होतं आणि त्याच्या मते ॲक्सेस म्हणजे निव्वळ अडगळ. “वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंट लागतं सर. ॲक्सेस कोण वापरतं?”

हॉस्टेलचा रेक्टर झाल्यापासून गळक्या नळापासून ते मेसच्या पातळ वरणापर्यंत सगळं माझ्याकडेच येतं. या प्रश्नाचं उत्तर तर दोन मिनिटांचं होतं. पण “ॲक्सेस कोण वापरतं?” हे वाक्य ऐकलं आणि मी थेट विरारच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात जाऊन पोहोचलो. हेच वाक्य २००८ च्या दिवाळीत मीही म्हटलं होतं. मनातल्या मनात. तिथेच तर चुकलं!

तेव्हा मी थर्ड इयरला होतो, घाटावरच्या एका कॉलेजात. विरार त्या वेळी ठाणे जिल्ह्यातच होतं. पालघर जिल्हा झाला २०१४ साली. घरी एक जोडलेला संगणक होता. ४० जीबीची हार्डडिस्क, विंडोज एक्सपी आणि ऑफिस २००३. दिवाळीच्या सुट्टीत मित्राकडून गाणी आणि सिनेमे आणले होते, पण ठेवायला जागा कुठे? मग काय, इंजिनीअर साहेबांनी साफसफाई काढली.

त्या काळी ऑफिसमधला एखादाच प्रोग्राम काढणं फार सोपं होतं. कंट्रोल पॅनेलमध्ये ‘ॲड ऑर रिमूव्ह प्रोग्राम्स’, तिथे ऑफिसवर ‘चेंज’, मग ‘ॲड ऑर रिमूव्ह फीचर्स’. सगळ्या प्रोग्रामची यादी झाडासारखी समोर यायची. ॲक्सेसवर क्लिक करून ‘नॉट अव्हेलेबल’ निवडलं की त्यावर लाल फुली. ‘अपडेट’ दाबलं की काम फत्ते.

एवढं करून जागा मिळाली किती? अगदीच चिल्लर. ऑफिसचे प्रोग्राम म्हणजे चाळीतली बिऱ्हाडं. एक बिऱ्हाड गेलं म्हणून सामायिक नळ आणि जिना कोणी काढून नेत नाही. स्पेलिंग तपासणं, चित्रं काढणं, मॅक्रो चालवणं या सगळ्याच्या फाईली बाकीचे प्रोग्रामही वापरतात, म्हणून त्या जागच्या जागी राहतात. मग माझी नजर एका लपवलेल्या फोल्डरवर गेली : एमएसओकॅश. चांगली दोन-तीनशे एमबी जागा अडवून बसलेलं. म्हटलं, हेही फालतूच. उडवलं. नंतर सिनेमे भरले, फराळाचा डबा घेतला आणि हॉस्टेलवर परत.

जानेवारीत एका गुरुवारी रात्री आईचा फोन आला. आवाज पडलेला. “अरे, कॉम्प्युटरवरचं किल्लीचं चित्र गेलंय.”

“कसली किल्ली?”

“गटाची वही रे! तिच्यावर किल्लीचं चित्र असायचं ना, दोनदा दाबलं की उघडायची. आता नुसता पांढरा कागद दिसतोय. दाबलं की इंग्रजीत काहीतरी विचारतंय. एकदा उघडली, तर सगळ्या चौकटी चौकटी. भीती वाटली, तशीच बंद केली.”

माझ्या पोटात गोळा आला. आईच्या बचत गटात पंधरा बायका होत्या. दर महिन्याला शंभर रुपये बचत आणि त्यातूनच एकमेकींना कर्ज. शेजारच्या एका ताईने आपल्या डिप्लोमाच्या प्रोजेक्टसाठी आईच्या गटाचा हिशेब ॲक्सेसमध्ये बसवून दिला होता. ती लग्न होऊन नाशिकला गेली. आई मात्र दर महिन्याला न चुकता आकडे भरत राहिली. ‘ॲक्सेस’ हा शब्द तिने कधी उच्चारलाच नाही, तिच्यासाठी ती गटाची वही होती. ॲक्सेसच्या त्या जुन्या चिन्हात किल्ली असायची, हे मला माहीत होतं. ती किल्ली आमच्या घरात रोज कोण फिरवतं, हे माहीत नव्हतं.

आणि सोमवारी बँकेचे साहेब हिशेब बघायला यायचे होते. मसाला कांडपायचं यंत्र घ्यायला गटाला कर्ज हवं होतं. आमच्याकडे वर्षाचा मसाला उन्हाळ्यात होतो. फेब्रुवारीत पैसे आले नाहीत तर तो हंगाम गेलाच समजा.

“मी काहीच केलं नाही” असं मी फोनवर सांगून टाकलं. ते आजही टोचतं. रात्रभर झोप लागली नाही. शुक्रवारी सकाळी शेवटच्या वर्षाच्या एका सीनियरला सगळं खरं सांगितलं. तो हसला. “गाढवा, तू दार काढलंस, घरातलं सामान कुठे काढलंस? ॲक्सेस गेला तरी त्याची फाईल डिस्कवर आहेच. आणि ती वाचणारं इंजिन, जेट, ते एक्सपीमध्येच असतं. एक्सेलमधून आत शिर.”

शुक्रवारी रात्रीची एसटी पकडली, पहाटे दादर, तिथून विरार लोकल. उलट्या दिशेची असल्यामुळे बसायला चक्क खिडकी मिळाली! घरी पोहोचलो तर लाइट गेलेले. दुपारी आले. आधी सरळ मार्ग करून पाहिला : तीच यादी, तीच लाल फुली, या वेळी ‘रन फ्रॉम माय कॉम्प्युटर’. लगेच संगणकाने ऑफिसची सीडी मागितली. का? तर अशा वेळी लागणाऱ्या इन्स्टॉलेशनच्या फाईली ज्या फोल्डरमध्ये असतात, ते एमएसओकॅशच मी उडवलं होतं. सीडी होती संगणक जोडून देणाऱ्याकडे आणि तो दुकान बंद करून कुठे गेला, कोणालाच ठाऊक नव्हतं. म्हणजे दार काढलं ते काढलं, वर सुताराची हत्यारंही भंगारात दिली!

मग सीनियरने सांगितलेली वाट. एक्सेल उघडलं, ‘डेटा’ मेनू, ‘इम्पोर्ट एक्स्टर्नल डेटा’, आणि गटाची फाईल दाखवली. क्षणभर काहीच नाही. मग सभासद, बचत आणि कर्ज अशी तीन टेबलांची नावं समोर आली. एकेक टेबल उघडत गेलो. पाच वर्षांचे आकडे, एकही हललेला नाही. आई मागे उभी होती, तिने पदराने चष्मा पुसला.

पण काम संपलं नव्हतं. फक्त आकडे आले. ताईने बनवलेला फॉर्म आणि प्रत्येकीच्या नावाची छापील पावती एक्सेलमध्ये येत नाही. बेरजा, व्याज, शिल्लक सगळं नव्याने मांडायला लागलं. रविवारी रात्री एक वाजता पासबुकाशी दोनशे रुपयांचा फरक निघाला. मी सूत्रं तपासत बसलो. आई म्हणाली, “थांब. गणपतीत एकीने दोन महिन्यांचे एकदम दिले होते. मी एकदाच लिहिले असतील.” दुसरीचंही असंच निघालं. हिशेब जुळला.

तेव्हा मी तिला सांगितलं, की ॲक्सेस मीच काढला होता. ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, “मला विचारायचं तरी होतंस.”

सोमवारी साहेबांनी तासभर कागद पाहिले, प्रश्न विचारले. आईने एकेकीची शिल्लक न अडखळता सांगितली. फेब्रुवारीच्या शेवटी कर्ज मिळालं आणि त्या उन्हाळ्यात आमची अख्खी गल्ली मिरचीच्या खाटाने शिंकत होती!

असो. तर त्या सेकंड इयरच्या मुलाला मी सांगितलं, की आता ती लाल फुली राहिली नाही. २०१३ पासून घरगुती ऑफिस ‘क्लिक टू रन’ पद्धतीने बसतं; कंट्रोल पॅनेलमधून काढायचं तर सगळंच निघतं. एकच प्रोग्राम वगळायचा असेल तर मायक्रोसॉफ्टचं ‘डिप्लॉयमेंट टूल’ घ्यायचं, त्याच्या एक्सएमएल फाईलमध्ये ‘एक्सक्लूड ॲप’ म्हणून त्या प्रोग्रामचं नाव लिहायचं आणि ते चालवायचं. जागा मात्र फारशी सुटत नाही. त्यापेक्षा डाउनलोड्सचं फोल्डर उघडून बघ.

तो “थँक्यू सर” म्हणून निघाला. मी विचारलं, “हा लॅपटॉप तू एकटाच वापरतोस?”

“हो सर. म्हणजे... सुट्टीत घरी नेतो तेव्हा बाबा दुकानाचं काहीतरी बघतात त्यावर.”

“काय बघतात?”

तो दारातच थांबला. “माहीत नाही सर.”

“मग आधी त्यांना फोन लाव,” मी म्हटलं. “अजून दहा वाजले नाहीत. जागे असतील.”