लाहायनाची पंगत

हवाईतल्या मावी बेटावरच्या लाहायना गावात, फ्रंट स्ट्रीटवर, वार्फ सिनेमा सेंटर नावाची एक इमारत होती. तिच्या वरच्या मजल्यावर कूल कॅट कॅफे. एका कुटुंबाने चालवलेलं बर्गरचं हॉटेल. भिंतीभर एल्व्हिस आणि मेरिलिन मन्रोच्या जमान्याची सजावट. बाहेरच्या टेबलाशी बसलं की समोर एक झाड दिसायचं, आणि दुसरं काही दिसायला त्या झाडाने फारशी जागाच ठेवली नव्हती. झाड आपलं. वड. १८७३ सालच्या एप्रिलमध्ये हिंदुस्थानातून आलेलं आठ फुटी रोप तिथल्या शेरीफने लावलं. लाहायनात ख्रिस्ती मिशन येऊन ५० वर्षं झाली, हे निमित्त. मिशनऱ्यांच्या सुवर्णमहोत्सवाला वड लावण्यातली गंमत तेव्हा कुणाच्या ध्यानात आली नसावी. पारंब्या हव्या तिथे उतराव्यात म्हणून जपानी माळी त्यांना पाण्याच्या काचेच्या बरण्या बांधून ठेवत, असं सांगतात. त्या उतरल्या, त्यांचे बुंधे झाले, असे ४६, आणि जवळजवळ दोन-तृतीयांश एकरावर सावली पडली. या सावलीच्या भरवशावर गावाने दीडशे वर्षं काढली.

८ ऑगस्ट २०२३ ला ते गाव जळालं. सकाळी विजेच्या तुटलेल्या तारेने गवत पेटलं, बंबवाल्यांनी ते विझवलं, विझलं असं समजून ते परतले, आणि दुपारी तिथेच पुन्हा भडका उडाला. डोंगरावरून वादळी वारा खाली येत होता. शेकडो मैल दक्षिणेकडून जाणाऱ्या डोरा चक्रीवादळाचाही त्याला हातभार होता, असं म्हणतात. संकटाचे भोंगे वाजलेच नाहीत. १०२ माणसं गेली, २,२०० च्या आसपास इमारती गेल्या. वारा निमित्ताचा धनी झाला, पण जळण आधीपासून रचलेलं होतं. गावामागच्या उतारांवर शतकाहून अधिक काळ ऊस होता. १८६० साली सुरू झालेली पायोनियर मिल १९९९ मध्ये बंद पडली, ऊस गेला आणि मोकळ्या रानात परदेशी गवत माजलं. ज्यांची जमीन होती त्यांना ते कापायची घाई नव्हती. साखर कारखाना बंद पडल्यावर मागे काय उरतं हे आपल्याकडच्या वाचकाला वेगळं सांगायला नको; तिथे वाळकं गवत उरलं.

त्याच उसाने या गावाला जेवायलाही शिकवलं होतं. मळ्यांवर राबायला चिनी आले, जपानी आले, पोर्तुगीज, कोरियन, फिलिपिनो आले. मालकांनी त्यांच्या चाळी जातवार वेगळ्या ठेवल्या, म्हणजे एका सुरात पगारवाढ मागायची सोय राहू नये. दुपारी मात्र सगळे एकाच उसात बसत. प्रत्येकाजवळ पत्र्याचा दोन पुडांचा डबा असे, त्याला काउकाउ टिन म्हणत. हुबेहूब गिरणीकामगाराचा डबा. खालच्या पुडात भात, वरच्यात कालवण. भात ज्याचा त्याचा, वरचे पुडे मध्ये ठेवायचे आणि ज्याला जे आवडेल ते त्याने उचलायचं. कुणाची खारवलेली मासळी, कुणाचं आडोबो, कुणाचं किमची. आज हवाईत ‘प्लेट लंच’ म्हणून जे मिळतं ते याच डब्याचं थोरलं भावंड: भाताचे दोन गोळे, एक मांसाचा प्रकार आणि मॅकरोनीचं सॅलड. हे सॅलड भाताशेजारी काय करतं हे मला आजवर कळलेलं नाही. पण ताटात भात हवाच, यावर सगळे वंश एकमत आहेत, आणि जगात एवढ्या वेगवेगळ्या लोकांचं एकमत झालेल्या गोष्टी मोजक्याच असाव्यात.

म्हणून आग लागली त्या आठवड्यात जे घडलं त्याचं मला फारसं नवल वाटलं नाही. हॉटेलवाले एरवी वेगळी चूल मांडण्यात वाकबगार. भाऊ भावापासून वेगळा होतो, आचारी मालकापासून फुटून समोरच्याच गाळ्यात उभा राहतो. इथे उलटं झालं. डोंगरापलीकडे काहुलुईला हवाई विद्यापीठाचं मावी कॉलेज आहे, तिथे स्वयंपाकाचं शिक्षण देतात. त्या शिकाऊ मुलांच्या मुदपाकखान्यात बेटावरचे आचारी जमले. ली ॲन वाँग यांचं हॉटेल १९०१ सालच्या पायोनियर इनमध्ये होतं. इन जळालं, हॉटेल जळालं, आणि त्या इथे येऊन रांधायला उभ्या राहिल्या. शेल्डन सिमियन यांचं हॉटेल काहुलुईत असल्यामुळे वाचलं होतं, तेही आले. ‘शेफ हुई’ ही हवाईतल्या आचाऱ्यांची मंडळी आणि आपत्तीत जेवण पुरवणारं वर्ल्ड सेंट्रल किचन सोबतीला. दिवसाला हजारो ताटं निघू लागली. रस्ते अडवलेले, म्हणून काही सामान होड्यांनी पश्चिम किनाऱ्याला गेलं. तिकडे बागांतून आणि गाड्यांच्या तळांवर गावकऱ्यांनी आपापले तंबू ठोकले होते, सरकार पोचायच्या आधी.

स्वतःचा भटारखाना राख झालेला असताना माणूस दुसऱ्याच्या ओट्यावर कांदा कसा चिरत असेल? मला वाटतं, चिरतच असेल; कारण तेवढंच एक काम तेव्हा त्याच्या हातात उरलेलं असतं. घराची यादी करायची, विम्याचे अर्ज भरायचे, बेपत्ता माणसाचा फोन लावत राहायचा, यातलं कुठलंच काम दिवसाअखेर संपत नाही. पातेलं मात्र संध्याकाळपर्यंत रिकामं होतं.

इथवरची गोष्ट सांगायला सोपी आहे. वर्तमानपत्रांनीही बरेचदा ती इथवरच सांगितली. अवघड भाग पुढे आहे. मावीचं पोट पर्यटनावर चालतं, आणि हॉटेल गिऱ्हाइकाशिवाय उघडत नाही. राज्यपालांनी ८ ऑक्टोबर २०२३ पासून, आगीला बरोबर दोन महिने होताना, पश्चिम मावी पर्यटकांना खुलं करायचं ठरवलं. हजारो रहिवाशांनी सह्या करून विरोध केला: अजून थोडं थांबा. दोन्ही बाजूंचं खरं होतं. पाहुणे आले नाहीत तर वाढप्याला पगार नाही. पाहुणे आले तर तो जळक्या घरातून निघून काआनापालीच्या पर्यटकी हॉटेलातल्या ज्या खोलीत आसऱ्याला आहे, ती खोली पाहुण्याला हवी. म्हणजे सकाळी ज्याला हसून नाश्ता वाढायचा, त्याच्यासाठीच संध्याकाळी आपलं बिऱ्हाड हलवायचं. ही काही गोष्टीतली उपमा नाही, त्या हिवाळ्यात असंख्य कुटुंबांचा हा रोजचा हिशोब होता.

यावर लाहायनाकरांनी काढलेली युक्ती मला फार आवडते. हवाईत समुद्रकिनारा सगळ्यांचा, आणि मासे पकडणाऱ्याला तिथून कुणी उठवत नाही. तेव्हा नोव्हेंबरात ‘लाहायना स्ट्राँग’ या रहिवाशांच्या संघटनेच्या मंडळींनी काआनापालीच्या महागड्या हॉटेलांसमोरच्या वाळूत गळ रोवले, शेजारी तंबू ठोकले आणि बसले. विचारलं तर मासे पकडतोय. मागणी एकच: पर्यटकांना भाड्याने दिली जाणारी घरं आधी गावच्या माणसांना लांब मुदतीने द्या. आठवडे गेले, महिने गेले, तरी गळ तिथेच.

दरम्यान एकेक भट्टी पेटत होती. फ्रंट स्ट्रीटच्या उत्तर टोकाची थोडी हॉटेलं वाचली होती. त्यातलं माला ओशन टॅव्हर्न २०२४ च्या फेब्रुवारीत उघडलं, ओल्ड लाहायना लुआऊ मार्चमध्ये. कूल कॅट कॅफेला परतायला इमारतच नव्हती. त्याने कीहेईला, डोंगराला वळसा घालून जावं लागतं अशा दुसऱ्या किनाऱ्यावर, नवा संसार थाटला. बर्गर तोच असेल. समोर वड नाही. जळालेल्या भागात पुन्हा बांधून पूर्ण झालेलं पहिलं घर मात्र उभं राहिलं ते २०२४ च्या नोव्हेंबरात, आणि किती तरी कुटुंबं तोवर थांबलीच नाहीत, मुलंबाळं घेऊन अमेरिकेच्या मुख्य भूमीवर निघून गेली. हॉटेलच्या दारावर ‘उघडं आहे’ ही पाटी लागली म्हणजे गाव सावरलं, असं म्हणणाऱ्याने आत जाऊन वाढणाऱ्याला तो राहतो कुठे, हे एकदा विचारावं.

वडाचं काय झालं, ते सांगायला हवं, कारण बाहेरच्या जगाने सगळ्यात जास्त चौकशी त्याचीच केली. तो होरपळला. माणसांनी टँकरने पाणी घातलं, खताचं पाणी मुळांत सोडलं, आणि सप्टेंबरात त्याला कोवळी पालवी फुटली. त्या पालवीचे फोटो जगभर फिरले. जवळजवळ निम्मं झाड पुढे मेलेलं म्हणून कापावं लागलं, त्याचे फोटो तितके फिरले नाहीत. मला वडापेक्षा नीरफणसाची बातमी मोलाची वाटली. हो, आपल्या कोकणातल्या परसात असतो, ज्याच्या कापा रवा लावून तळतात, तोच. मिशनरी यायच्या आधी, ऊस यायच्या आधी, लाहायना नीरफणसाच्या राईसाठी नावाजलेलं होतं. त्या सावलीच्या नावानेच गाव ओळखलं जाई. मळेवाल्यांनी ती राई उसासाठी तोडली. आता काही गावकरी जळक्या खोडांच्या मुळांतून आलेले फुटवे जपताहेत, रोपं करून लावताहेत. वड सावली देतो, नीरफणस सावली देऊन वर जेवायलाही घालतो. शिवाय ओल्या राईत आग सहजासहजी शिरत नाही.

पुण्या-मुंबईच्या कितीतरी घरांतली मुलं आज कॅलिफोर्नियात आहेत, आणि आईबाबा भेटायला आले की हवाईचा बेत ठरतोच. मावीला जा. साखळीतलं ओळखीचं रेस्टॉरंट टाळा आणि एखाद्या घरच्या हॉटेलात शिरा, भात असलेलं ताट मागवा, शाकाहारी असाल तर तसं मोकळेपणाने सांगा, टिप देताना हात आखडू नका. आणि समोर ताट ठेवणाऱ्या पोरीला, ‘आगीच्या दिवशी तू कुठे होतीस?’ एवढं मात्र विचारू नका. तिला हे दिवसातून दहा जण विचारतात.