सूर्यास्ताच्या दोन घटका आधी

हिवाळ्यातला दिवस लहान असतो, हे आपण शाळेत शिकतो. पण तो नेमका किती लहान असतो, हे रात्रिभोजनाचा त्याग केलेल्या वडीलधाऱ्या माणसाला बरोबर घेऊन प्रवासास निघाल्यावाचून कळत नाही. डिसेंबरच्या मध्यावर आपल्या पुण्याच्या परिसरात सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. सूर्योदयानंतरच्या दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटे, आणि सूर्यास्तापूर्वीच्या दोन घटका वगळल्या, की अन्नपाण्यासाठी जेमतेम साडेनऊ तास उरतात. त्यात गड चढायचा, लेणी पाहायची, गाव फिरायचे आणि दोन वेळा शांतपणे जेवायचे. हे गणित आम्हांला मागच्या वर्षी सुटले नव्हते.

मागच्या हिवाळ्यात आम्ही एका रविवारी मोटारीने लोणावळ्यास गेलो होतो. सर्वांप्रमाणे आम्हीही कड्यावर सूर्यास्त पाहायला थांबलो. 'जेवण गावात परत जाऊन करू' असे म्हणत निघालो, तो रस्ता मोटारींनी तुंबलेला. गाडीत बसल्या बसल्या अंधार पडला. माझे सासरे, ज्यांना आम्ही सर्व जण आण्णा म्हणतो, शहात्तर वर्षांचे आहेत. त्यांना मधुमेह आहे आणि सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंबही न घेण्याचा त्यांचा नियम चाळीस वर्षांचा आहे. त्या रात्री ते काही बोलले नाहीत. घरी आल्यावर हातपाय धुऊन नेहमीप्रमाणे स्वाध्यायाला बसले. मी गोळीचे विचारले, तेव्हा म्हणाले, "उपाशीपोटी ती घ्यायची नसते. सकाळी पाहू." त्यांच्या स्वरात रोष नव्हता, आणि तेच आम्हांला अधिक लागले. रात्रभर मी दोनदा उठून त्यांच्या खोलीत डोकावून आले. दिवसभर आम्ही सर्वांच्या आवडीनिवडी विचारल्या होत्या. ज्याने काहीच मागितले नाही, त्याच्या गरजेचा हिशेब मात्र कोणीच ठेवला नव्हता.

यंदा सहलीचा विषय निघाला, तेव्हा आठवीत शिकणारी माझी मुलगी कागद आणि पेन्सिल घेऊन बसली. तिने आखणी खालून वर लिहीत नेली. सर्वांत खाली लिहिले : 'पाच वाजून दहा मिनिटे, आण्णांचे जेवण पूर्ण.' त्याच्या वर 'सव्वाचार, जेवणाच्या जागी पोचणे', त्याच्या वर 'तीन, लोणावळा', असे करत करत ती पहाटेच्या लोकलपर्यंत पोचली. मधे तिने अर्धा तास मोकळा सोडला होता. "हा कशाला?" असे धाकट्याने विचारले, तर म्हणाली, "तू उशीर करशील म्हणून."

शाळेला सुट्टी असलेला एक आडवार आम्ही निवडला. शिवाजीनगरहून निघालेली लोकल देहूरोड सोडून तळेगावकडे वळली, तेव्हा खिडकीबाहेर धुके होते. वडगाव, कान्हे, कामशेत. भातकापणी उरकली होती. खाचरांत नुसती खुंटे उभी होती आणि घरांशेजारी पेंढ्याच्या गंजी रचलेल्या होत्या. आपल्या घरोघरी शिजणारा इंद्रायणी तांदूळ याच मातीतला. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने ते वाण तयार केले आणि लोणावळ्याच्या डोंगरात उगम पावणाऱ्या नदीचे नाव त्याला मिळाले. पावसाळ्यात मावळ पाहणारे पुष्कळ असतात. पण डोंगराची खरी ठेवण पाहायची, तर हिवाळ्यातच यावे. हवा स्वच्छ, वाटा कोरड्या, आणि पाय घसरण्याची भीती नाही.

मळवलीला उतरलो. द्रुतगती मार्गावरचा पूल ओलांडून भाजे गावाकडे जाणारा रस्ता चालत अर्ध्या तासाचा आहे. आण्णांसाठी जीप सांगून ठेवली होती, परंतु एवढे अंतर ते आमच्याबरोबर चालले. पायथ्याशी एका घराच्या ओसरीवर आम्ही डबे उघडले, तेव्हा सूर्योदयानंतरच्या दोन घटका नुकत्याच उलटल्या होत्या. दशम्या, दही आणि लसणावाचून केलेली शेंगदाण्याची चटणी. ओसरीच्या मालकीणबाईंनी चहा विचारला. आण्णांनी घरून आणलेले गाळून उकळलेले पाणीच घेतले.

भाज्याची लेणी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासून खोदली गेली. मुख्य चैत्यगृहाचे खांब किंचित आत कललेले दिसतात. दगडाला तशी काही गरज नाही. परंतु आधीच्या लाकडी बांधकामात खांब तसे कलते ठेवीत, आणि कारागिरांनी दगडातही तीच सवय जपली. छताला तर खरोखरीच्या लाकडी कमानी बसवल्या होत्या. शेजारी चौदा स्तूपांचा समूह आहे, काही आत तर काही उघड्यावर. ही लेणी बौद्ध भिक्खूंची. आण्णा प्रत्येक ठिकाणी पादत्राणे काढून, हात जोडून उभे राहत होते. धाकट्याने विचारले, "आण्णा, हे आपले देव नाहीत ना?" ते म्हणाले, "इथे कोणीतरी पुष्कळ वर्षे शांत बसले होते. तेवढे पुरेसे आहे."

परतताना एका कोरीव पाण्याच्या टाक्याशी ते थांबले. मराठी शाळेत आयुष्यभर इतिहास शिकवलेला हा माणूस, शिकवल्यावाचून राहवेना. त्यांनी मुलांना सांगितले, की याच मावळात पाले गावाजवळच्या डोंगरातील एका लेण्यात 'नमो अरहंतानं' या शब्दांनी सुरू होणारा ब्राह्मी लिपीतला प्राकृत लेख आहे. डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकळिया आणि शोभना गोखले यांनी तो अभ्यासकांपुढे आणला. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा तो लेख महाराष्ट्रातील जैन परंपरेचा एक अतिशय प्राचीन पुरावा मानला जातो. पुढे २०१९ मध्ये लोहगडाच्या अंगावरील लेण्यातही तशाच धाटणीचा लेख आढळला.

"त्यात काय लिहिलंय?" मुलीने विचारले.

"पालेच्या लेखात इतकेच, की भदंत इंद्ररक्षिताने लेणे करवले आणि पोढी करवली. पोढी म्हणजे हे, पाण्याचे टाके." आण्णांनी काठीने समोर दाखवले. "कोणी राजा नाही, लढाई नाही. डोंगर चढून दमलेला माणूस येईल, त्याला सावली लागेल आणि पाणी लागेल, एवढे त्याने आधी ओळखले."

मुलगी आपल्या कागदाकडे पाहत होती. काही बोलली नाही.

जीप आम्हांला गायमुख खिंडीतून लोहगडवाडीला घेऊन गेली. एका बाजूला लोहगड, दुसऱ्या बाजूला विसापूर. येथून पुढे मात्र पायऱ्या आहेत, आणि आण्णांचा गुडघा आता दुखू लागला होता. लेखाच्या लेण्याकडे जाणारी वाटही त्यांच्या आवाक्यातली नव्हती. वाडीतल्या एका घराच्या पडवीत त्यांना खाट मिळाली. "मी इथून गड पाहतो, तुम्ही वरून मला पाहा," असे म्हणून त्यांनी आम्हांला पिटाळले.

गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे एकामागून एक ओलांडत वाट वळणे घेत वर जाते. खालच्या दरवाजातून शिरलेला शत्रू वरच्या तटावरून सतत माऱ्याखाली राहावा, अशी ती रचना. शिवछत्रपतींनी स्वराज्यात आणलेला हा गड १६६५ च्या पुरंदरच्या तहात मोगलांना द्यावा लागला आणि १६७० मध्ये तो परत मिळवला गेला. सुरतेच्या लुटीतली संपत्ती काही काळ येथे ठेवली होती. पेशवाईत नाना फडणवीसांचे या गडाकडे विशेष लक्ष होते. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्या बारांत लोहगड आहे. हे वाचून अभिमानाने छाती फुगते खरी, पण वाटेवर पडलेल्या रिकाम्या बाटल्या पाहून मान खाली जाते. आम्ही एक पिशवी भरून कचरा खाली आणला. फार नव्हता तो, पण मुलांना ते काम गड पाहण्याइतकेच आवडले.

माथ्यावर पोचलो, तेव्हा बारा वाजून गेले होते. दक्षिणेला पवना धरणाचे निळे पाणी, त्यापलीकडे तुंग आणि तिकोना. धाकट्याला मात्र विंचूकाटा दिसला. गडापासून निघून दूरवर गेलेली ती निमुळती, विंचवाच्या नांगीसारखी सोंड पाहिल्यावर तो ऐकेना. मुलीने घड्याळ पाहिले. "जाऊन यायला पाऊण तास. आपल्याकडे अर्धाच आहे."

"मग आण्णांना थोडा उशीर होईल. ते काही बोलणार नाहीत," धाकटा म्हणाला.

"म्हणूनच तर!" ती इतक्या जोरात म्हणाली, की शेजारचे लोक वळून पाहू लागले.

आम्ही दोघे नवराबायको गप्प राहिलो. मागच्या वर्षीची रात्र तिच्याही लक्षात राहिली आहे, हे मला त्या क्षणी समजले. जरा वेळाने तिनेच कागद काढला आणि लोणावळ्याच्या रकान्यातील 'वळवण धरण' या शब्दांवर काट मारली. "चल. पण पळायचं नाही." विंचूकाट्याच्या टोकाशी वारा असा होता, की बोललेले ऐकू येत नव्हते. धाकटा तेथे हात पसरून उभा राहिला. काट मारलेल्या धरणाची आठवण पुन्हा कोणीही काढली नाही.

खाली आलो, तर आण्णा पडवीत घरच्या आजोबांशी भाताच्या भावाबद्दल बोलत बसले होते. तेथेच पिठले-भाकरी झाली. कांदा-लसूण नको, हे आधी सांगून ठेवले होते, आणि त्या माउलीने तवाही वेगळा घेतला होता. ग्रामीण घरात ही गोष्ट आधी सांगितली, तर कधीच अडचण होत नाही. पान वाढल्यावर सांगितली, तर दोघांनाही संकोच होतो.

त्याच जीपने तीनच्या सुमारास लोणावळ्यात उतरलो. दुपारच्या वेळी लोकल विरळ असतात, म्हणून हा टप्पा रस्त्याने करणे बरे. लोणावळे हे नाव लेण्यांच्या ओळीवरून, 'लेणावली'वरून आले, असे म्हणतात. आजचे गाव मात्र रेल्वेने वाढवले. १८६३ मध्ये बोरघाटाचा लोहमार्ग पुरा झाला आणि मुंबई-पुणे सलग जोडले गेले. १९१५ मध्ये टाटांनी येथल्या तलावांचे पाणी घाटाखाली खोपोलीला नेऊन मुंबईसाठी वीज निर्माण केली. १९२४ मध्ये स्वामी कुवलयानंदांनी येथे कैवल्यधामची स्थापना करून योगाला प्रयोगशाळेत आणले. जुन्या बंगल्यांच्या उतरत्या कौलांखालून, मोठ्या झाडांच्या सावलीतून आम्ही सावकाश बाजारापर्यंत चालत गेलो. आडवार असल्याने रस्त्याला गर्दी नव्हती.

चिक्कीच्या दुकानात गुळाचा वास भरून राहिला होता. येथे धाकट्याला शंका आली. "शेंगा मातीखाली येतात. मग कंदमूळ कशा नाहीत?" आण्णा प्रसन्न झाले. "फूल वर येते, मग त्याची दांडी जमिनीत शिरते आणि तिच्या टोकाला शेंग धरते. ते मूळ नव्हे, फळ आहे." दुकानदाराने ऐकले आणि तिळाच्या चिक्कीचा एक तुकडा धाकट्याच्या हातावर ठेवला.

सव्वाचारला आम्ही आधी फोन करून ठरवलेल्या लहानशा भोजनालयात होतो. गरम फुलके, तुरीचे वरण, दुधीची भाजी, भात. आण्णांनी गोळी घेतली, सावकाश जेवले आणि शेवटचा पाण्याचा पेला संपवून हात जोडले. मुलीने घड्याळ त्यांच्यापुढे धरले. पाच वाजून पाच मिनिटे झाली होती.

"पाच मिनिटं उरली," ती म्हणाली.

"ती तुझी," आण्णा म्हणाले.

मग आम्हांला कसलीच घाई नव्हती. स्टेशनच्या पादचारी पुलावर जाऊन उभे राहिलो. मुंबईहून आलेली गाडी घाट चढून फलाटाला लागत होती. तिला मागून ढकलत आणणारी इंजिने सोडवून घेण्याचे काम चालू झाले. खंडाळ्याच्या बाजूला सूर्य तांबूस होत डोंगरामागे उतरत होता. मागच्या वर्षी कड्यावर आम्ही तो पाहिला होता, पण माझे लक्ष सारखे घड्याळाकडे होते. यंदा आण्णा कठड्याला टेकून, पोटभर जेवलेल्या माणसाच्या समाधानाने पाहत होते, आणि नातवाला विचारत होते, "ती मागची इंजिने आता कुठे जाणार, सांग बरं?"

धाकट्याला उत्तर ठाऊक नव्हते. सूर्य पूर्ण मावळेपर्यंत दोघे तर्क करत राहिले.