सुबाभूळ

सुबाभूळ मला घरच्या माणसासारखी वाटते. ती मूळची मेक्सिकोची. पण आता आपल्या बांधांवर चांगली रुजली आहे. उन्हाळ्यात गवत वाळते, कडबा महाग होतो. तेव्हा तिचा हिरवा पाला आमच्या शेळ्यांना जगवतो. वाळवलेल्या पाल्यात शेकडा २० ते २५ भाग प्रथिने असतात. पण त्याच पाल्यात मिमोसिन नावाचे विषही असते. नुसता हाच पाला रोज खाल्ला, तर जनावराचे केस गळतात, गळ्यातील ग्रंथी सुजते. म्हणून अम्मी शेळ्यांना एक वाटा पाला आणि दोन वाटे इतर चारा घालते. घोड्याला तर हा पाला देऊच नये. मुक्या जनावराला चव कळते, प्रमाण कळत नाही. ते आपणच सांभाळायचे.