पहिला बार

ठासणीची रायफल अचूक करायची म्हणजे तिच्यावर खर्च करायचा, असं मी बरीच वर्षं मानत आलो. चांगली नळी, भरपूर दारू, त्यातून येणारा वेग, वर दुर्बीण. मग रेंजवर जाऊन कागदावरची भोकं एकमेकांच्या किती जवळ पडली ते मोजायचं. आज यातलं फारसं काही मी मानत नाही. मला कुणी पटवून दिलं म्हणून मत फिरलं असंही नाही. माझ्याच वहीतल्या नोंदींनी ते फिरवलं, आणि त्या नोंदींशी मी बराच काळ हुज्जत घातली.

मी पेनसिल्व्हेनियात राहतो. यंत्रांच्या सुट्या भागांची मापं तपासणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. शिकारीकडे वळलो तो इथे आल्यावरच. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा विषय मिटला, आणि मिटला ते उत्तम झालं. हे माझं मत मात्र जागचं हललेलं नाही. इथे व्हाइटटेल हरणांची संख्या आटोक्यात ठेवायला राज्याचं गेम कमिशन दरवर्षी परवाने देतं, आणि मारलेलं हरीण आम्ही घरी शिजवून खातो. पुण्याच्या नातेवाइकांना हे सांगताना आवाज अजून थोडा खाली येतो, ते सोडा.

ठासणीच्या बंदुकीला इथे वेगळे हंगाम आहेत. ऑक्टोबरातल्या हंगामात आधुनिक इनलाइन रायफल चालते, दुर्बीणही चालते. ख्रिसमसच्या दुसऱ्या दिवशी सुरू होऊन जानेवारीत जाणाऱ्या हंगामात मात्र फक्त चकमकीची बंदूक, आणि नेम उघड्या माशीवरून. हा दुसरा हंगाम १९७४ साली सुरू झाला. मी पहिल्यातून दुसऱ्यात आलो आणि माझी सगळी गडबड तिथे सुरू झाली.

इनलाइन रायफलीने माझं जुनं मत चांगलंच पोसलं होतं. १९८५च्या सुमारास टोनी नाइट यांच्या एमके-८५ने हा प्रकार लोकप्रिय केला. तिच्यात ठिणगी नळीच्या बुडातून सरळ दारूवर पडते. प्लास्टिकच्या टोपणात बसवलेली लांबट गोळी, २८ इंचांत एक फेरा देणारा पीळ, ५० ग्रेनच्या दारूच्या दोन तयार गोळ्या नळीत सोडायच्या की झालं. पैसे टाकले, भोकं जवळ आली. मत सिद्ध!

मग चकमकीची रायफल घेतली. अर्धा इंच व्यासाची नळी, ४८ इंचांत एक पीळ. हिच्यात शिशाचा गोल बॉल कापडी पॅचमध्ये गुंडाळून गजाने खाली ठासायचा. मी आधी नेहमीच्या वळणाने गेलो. दारू तराजूवर तोलून घेतली. ७० ग्रेनपासून दहा-दहाने वर चढत गेलो, कारण वेग वाढला की गोळी कमी खाली पडते, हे कुठलंही गणित सांगेल. गोल बॉल हवेत फार लवकर दमतो. नळीतून सेकंदाला १,८०० फुटांनी निघालेला बॉल १०० यार्डांवर जाईपर्यंत हजाराच्या घरात उतरतो. तेव्हा निघतानाच जोर द्यावा, असा माझा हिशेब. प्रत्यक्षात दारू चढली तशी भोकं पांगत गेली.

यावर क्लबातला एक म्हातारा मला म्हणाला, कागद बघू नकोस, पॅच बघ. मी मनातल्या मनात हसलो. पण बार उडाल्यावर नळीच्या पुढे दहा-पंधरा पावलांवर पडलेल्या त्या काळ्या चिंध्या उचलायला लागलो, आणि तिथून माझं सगळं शिक्षण झालं. चांगला पॅच कडेने उसवलेला असतो, मध्यभागी काळा ठसा असतो, पण कापड धड असतं. पुन्हा वापरावा असं वाटण्याइतकं धड. मधोमध भोक जळालं असेल तर वंगण कमी आहे, कापड पातळ आहे किंवा दारू जास्त आहे. ठरावीक अंतरावर, पिळाच्या खाचांच्या हिशेबाने चिरा पडल्या असतील तर नळीच्या आतल्या धारा नव्या आणि तिखट आहेत, किंवा नळीचं तोंड कापड कापतंय. माझे पॅच दोन्ही तऱ्हेचे निघाले. म्हणजे मी वर दारू वाढवत होतो आणि खाली पॅच फाटून गॅस बॉलच्या बाजूने निसटत होता. पॅच फाटला की नळीचा पीळ बॉलला पकडतच नाही.

उपाय फुटकळ होते. भांडी घासायची हिरवी घासणी गजाला गुंडाळून नळीत पुष्कळ वेळा वरखाली केली, धारांचा तिखटपणा गेला. कापड बदललं: गादीच्या अभ्र्याचं घट्ट विणीचं शुद्ध सुती कापड, इंचाच्या पंधरा हजारांशांइतकं जाड, ०.४९० इंचाच्या बॉलला जोडीला. सिंथेटिक धागा उष्णतेने वितळून नळीला चिकटतो, तो अजिबात नको. शिसं शुद्ध आणि मऊ. गाडीच्या चाकांना लावायची शिशाची वजनं स्वस्त मिळतात, पण त्यांत अँटिमनी असतं, शिसं कडक होतं, बॉल पॅचमध्ये नीट बसत नाही. आणि दारू परत ७० ग्रेनवर आणली. तराजू कपाटात गेला. काळी दारू मापाने भरायची असते, वजनाने नव्हे, हे इथल्या पोरालाही माहीत असतं. मलाच ते कमीपणाचं वाटत होतं. मापात मात्र ती आधी ओतायची, दारू ठेवायच्या शिंगातून थेट नळीत कधीच नाही. आत एखादा निखारा राहिला असेल तर सगळं शिंग हातात पेटेल.

पिळाचं कोडंही तेव्हाच सुटलं. १८७९ साली वूलिच इथे गणित शिकवणाऱ्या जॉर्ज ग्रीनहिल यांनी पिळाचा एक सोपा आडाखा दिला: व्यासाचा वर्ग गुणिले १५०, भागिले गोळीची लांबी. गोल बॉलची लांबी म्हणजे त्याचा व्यासच, तेव्हा अर्ध्या इंचाच्या बॉलला ७५ इंचांत एक फेरा पुरतो. लांबट गोळीला झपाट्याने फिरवावं लागतं, बॉलला नाही. माझी ४८ इंचांची नळी म्हणजे दोघांनाही कसंबसं चालवून घेणारी कारखान्याची तडजोड. बॉलला ती गरजेपेक्षा जास्त वेगाने फिरवते, त्यामुळे जास्त दारू घातली की पॅचवर ताण येतो. वेग वाढवण्यासाठी मी ज्या बंदुकीच्या मागे लागलो होतो, तिचा धर्मच मवाळ दारूचा होता.

(कोकणात शेतीच्या राखणीला ठेवलेल्या ठासणीच्या बंदुकांना पीळ नसतोच. नळी गुळगुळीत, आत बहुधा छर्रे. तिथे हा सगळा खटाटोप अनाठायी. गुळगुळीत नळीतला एकेरी बॉल नळीला घासत कसाही फिरत निघतो आणि त्या फिरण्यानेच वाट सोडतो, हे बेंजामिन रॉबिन्सने १७४०च्या दशकात दाखवलं. त्याने बंदुकीच्या नळीचं टोक मुद्दाम डावीकडे वाकवलं. बॉल आधी डावीकडे गेला आणि पुढे उजवीकडे वळला.)

इतकं झाल्यावर भोकं जवळ आली आणि मी पुन्हा जुन्या समाधानात शिरलो. खरा बदल त्यानंतरचा आहे.

काळी दारू जळली की निम्म्याहून जास्त भाग घन रूपात मागे राहतो. तो काळा थर नळीत बसतो, दुसरा बॉल ठासताना गज अडतो, तिसऱ्याला हात दुखतो. म्हणून दोन बारांच्या मध्ये किंचित ओलसर पॅच एकदाच खाली नेऊन वर काढायचा, मग कोरडा. ओला ठप्प पॅच घातला तर काळा चिखल बुडाशी ढकलला जातो, कान, म्हणजे ठिणगी आत नेणारं नळीचं छिद्र, बुजतो आणि बाहेरच्या वाटीतली पेटवणीची दारू, म्हणजे रंजक, नुसतंच फुर्र होऊन विझतं. हे सगळं मी शिस्तीने करत होतो. शिस्तीचाच एक भाग म्हणून रेंजवर पोचलो की पहिला बार ‘नळी मळवायला’ उडवायचा आणि मोजणीत धरायचा नाही. सगळे तसंच करतात. स्वच्छ, तेलाचा अंश राहिलेल्या थंड नळीतला तो बार बाकीच्यांपासून वेगळा पडतो, त्यामुळे ग्रुप, म्हणजे भोकांचा पुंजका, बिघडतो.

वही चाळताना एकदा लक्षात आलं की हंगामात हरणावर मी जो बार टाकतो तो नेमका हाच असतो. स्वच्छ नळी, थंड हवा, पहिला बार. दुसरा भरेपर्यंत हरीण पुढच्या टेकडीवर. म्हणजे मोजायची एकुलती एक गोष्ट मी वर्षानुवर्षं कचऱ्यात टाकत होतो आणि उरलेल्या भोकांचा अभिमान बाळगत होतो. मापं तपासून पगार घेणाऱ्या माणसाच्या वहीत हे निघावं!

तेव्हापासून पद्धत उलटी केली. रेंजवर जायचं, घरून स्वच्छ करून आणलेल्या नळीतलं तेल आधी स्पिरिटच्या पॅचने पुसून कोरडं करायचं, भरायचं, एक बार, आणि तो त्या वर्षाच्या एकाच कागदावर. बाकीचा सराव वेगळ्या कागदावर. या कागदाने मला जे शिकवलं ते ग्रुपने कधी शिकवलं नव्हतं. तेल नीट पुसलं नाही त्या दिवशी बार वर गेला होता. गजावर मी खूण करून ठेवली आहे. ती नळीच्या तोंडाशी आली म्हणजे बॉल दारूवर टेकला. पण टेकल्यावर हात किती दाबतो हे दर वेळी वेगळं असलं की भोक खालीवर होतं. आणि बॉल दारूपासून वर राहिला तर अचूकता राहू दे, नळी फुगते. रंजक वाटीत कानाच्या खालपर्यंतच ठेवायचं, कान बुजवायचा नाही. बुजला तर ठिणगीला तेवढं रंजक जाळत आत जावं लागतं, आणि त्या क्षणभरात माझा खांदा हलतो. चाप ओढल्यानंतर डोळ्यासमोर भपकन जाळ होतो आणि बार नंतर. त्या मधल्या वेळात माशीवरून नजर न हलवणं ही नळीची सुधारणा नाही, माझी आहे, आणि ती सगळ्यात उशिरा झाली.

१८६० साली विम्बल्डनच्या मैदानावर व्हिक्टोरिया राणीने व्हिटवर्थ रायफलीचा पहिला बार काढला तो ४०० यार्डांवर मध्यापासून सव्वा इंचावर लागला. ठासणीच्या बंदुकीची ताकद सांगताना मी हा दाखला मोठ्या तोऱ्यात द्यायचो. रायफल लोखंडी घोडीवर पक्की जखडलेली होती आणि राणीने फक्त रेशमी दोरी ओढली, हे मी सांगत नसे. व्हिटवर्थचं षट्कोनी नळीचं काम अफाटच, त्यात शंका नाही. पण त्या बारात माणूस नव्हता.

पहिल्या बाराच्या वेगळेपणावर काही शिकारी दुसरा तोडगा काढतात: सकाळी गाडीपाशीच एक फुसका बार काढून नळी मळवून ठेवतात आणि मग रानात शिरतात. मला तो पटत नाही. जळलेल्या दारूचे क्षार हवेतली ओल ओढून घेतात, आणि डिसेंबरच्या बर्फाळ दिवसात संध्याकाळपर्यंत त्या नळीचं काय होतं ते आतून बोट फिरवल्यावर कळतं. शिवाय मळलेली नळी सकाळी सातला एक असते आणि दुपारी तीनला दुसरीच. स्वच्छ नळी दोन्ही वेळी तीच.

पहिल्या बारांच्या कागदामुळे अंतराबद्दलचं माझं मतही खाली आलं. शंभर यार्डांची भाषा मी सोडली. त्या वर्षाच्या कागदावरचे पहिले बार आठ इंचांच्या वर्तुळात जितक्या लांबून राहतात तितकंच अंतर. हरणाच्या छातीचा नेमका भाग तेवढाच असतो. सध्या ते साठ यार्ड आहे. त्यापलीकडचं हरीण मी जाऊ देतो. यावर क्लबात मला भित्रा म्हणणारेही आहेत.

इनलाइन विकलेली नाही. ऑक्टोबरात ती घेऊन जातो आणि त्याबद्दल मला काही वाटत नाही. फक्त तिचेही आता पहिलेच बार मोजतो, आणि तिची एवढी दुर्बीण, एवढी किंमत असून त्यांचा कागद चकमकीच्या कागदापेक्षा फारसा चांगला दिसत नाही.