भाकरी, वरण आणि वर्षावास

अजिंठ्याची ट्रिप सगळेच करतात. पण त्या लेण्यांमधला धम्म आजच्या स्वयंपाकघरात कसा शिजतो हे बघायचं असेल, तर गाडी थोडी आडवाटेला घालावी लागते. जालना जिल्ह्यातल्या हसनाबादला, ऐन श्रावणात!

औरंगाबाद, म्हणजे आताचं छत्रपती संभाजीनगर. तिथल्या वीकेंडचा प्रोग्रॅम ठरलेला असतो. शनिवारी वेरूळ, रविवारी अजिंठा, मधल्या वेळात बीबी का मकबरा आणि रात्री नान-खलियावर ताव. सोमवारी ऑफिसात फोटो दाखवायचे. पद्मपाणीचा फोटो आला की कुणीतरी हमखास विचारणार, "पण काय रे, बुद्धिस्ट लोक तर प्युअर व्हेज असतात ना?" आणि पलीकडच्या टेबलावरून दुसरं कुणीतरी हमखास म्हणणार, "छे! आपल्याकडचे कुठे असतात?"

"आपल्याकडचे" या शब्दावर आमच्या टीममधली एक मुलगी डबा बंद करून उठून गेली होती. ती मूळची हसनाबादची. ऑफिसात तीच एकटी पक्की व्हीगन. दूध नाही, दही नाही, मधसुद्धा नाही. "तुला खरंच समजून घ्यायचंय ना? मग पौर्णिमेला घरी चल," ती म्हणाली. मी बॅग भरली.

आधी भोगवर्धन

हसनाबाद भोकरदन तालुक्यात आहे. जालन्याहून राजूरच्या दिशेनं निघालात की दोन्ही बाजूंना कपाशी, मका, सोयाबीन आणि मधूनच तुरीच्या ओळी दिसतात. राजूरचा गणपती प्रसिद्ध, त्यामुळे चतुर्थीला हा रस्ता टाळलेला बरा. इथे रिसॉर्ट नाही, सनसेट पॉइंट नाही. मराठवाड्यातल्या कुठल्याही मोठ्या गावासारखं एक गाव.

पण तालुक्याचं गाव साधंसुधं नाही, बॉस! भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन. मध्य प्रदेशातल्या सांची आणि भारहूतच्या स्तूपांवर दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत, त्यात या भोगवर्धनाचे लोक आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी इथली माणसं इतक्या लांबच्या स्तूपासाठी पैसे देत होती.

१९७३ मध्ये शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांच्या देखरेखीखाली इथे उत्खनन झालं. त्यात सातवाहन काळातली एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. इटलीतल्या पाँपेईत, म्हणजे इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीखाली गाडल्या गेलेल्या शहरात, मिळालेल्या भारतीय मूर्तीशी तिचं जवळचं साम्य आहे. भोकरदन ते पाँपेई, विचार करा!

मला मात्र मूर्तीपेक्षा त्याच उत्खननातलं धान्य जास्त आवडलं. तिथे सातवाहन काळातल्या तुरीचा पुरावा मिळाला. म्हणजे सांचीला दान पाठवणाऱ्या गावात वरणाची सोय होती.

येसर, अंबाडी आणि तीन पिढ्या

घरात शिरताना "जय भीम" झालं. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांचे फोटो, समोर मेणबत्ती. मैत्रिणीच्या आईला मी मावशी म्हणायला लागले आणि आजीला आजी. ताट आलं. ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, अंबाडीची भाजी, येसराची आमटी, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी. याच तालुक्यातल्या पिंपळगाव रेणुकाईचा मिरचीचा बाजार प्रसिद्ध आहे, तेव्हा ठेचा कसा असेल ते सांगायला नको. येसर म्हणजे धान्य, डाळी आणि मसाले भाजून केलेलं पीठ. पाण्यात कालवून फोडणी दिली की झाली आमटी.

ताटावर नजर टाकली आणि लक्षात आलं, यात प्राण्यापासून आलेलं काहीच नाही. पुण्यातल्या कॅफेत हीच थाळी "प्लांट-बेस्ड रस्टिक बोल" म्हणून काय भावाला गेली असती, ते तुम्हीच ठरवा.

मावशींनी तीन महिने मटण-मासे बंद केलेत, कारण वर्षावास. आषाढ पौर्णिमेला तो सुरू होतो आणि आश्विन पौर्णिमेला संपतो. मूळ नियम भिक्खूंचा. पावसाळ्यात ते गावोगाव फिरत, तेव्हा त्यांच्या पायाखाली कोवळे अंकुर आणि बारीक जीव चिरडतात अशी लोकांनी तक्रार केली. म्हणून बुद्धांनी पावसाळ्यात एका जागी राहायला सांगितलं, असं विनयपिटकात येतं. गवताच्या पात्याची दखल घेणारी ही परंपरा.

महाराष्ट्रातल्या बौद्ध वस्त्यांनी या प्रथेला आपलं रूप दिलंय. संध्याकाळी मंडळी जमतात, वंदना होते आणि बाबासाहेबांचा १९५७ साली प्रसिद्ध झालेला "बुद्ध आणि त्यांचा धम्म" हा ग्रंथ थोडा थोडा वाचला जातो. पौर्णिमेला पांढरे कपडे, काहींचा उपोसथ. कितीतरी घरांत या काळात मांसाहार बंद असतो. गंमत म्हणजे बाकीच्या गावात श्रावण पाळणारेही आहेतच. एकाच महिन्यात दोन्हीकडे मटण बंद, पण दोघांची कारणं अगदी वेगळी.

मग बुद्ध काय खायचे?

संध्याकाळच्या वाचनानंतर मी हा प्रश्न विचारलाच. एक निवृत्त शिक्षक होते, त्यांनी शांतपणे उलगडून सांगितलं. भिक्खू भिक्षेवर जगत, पात्रात जे पडेल ते खात. मांस चालायचं, पण तीन अटींवर. आपल्यासाठी प्राणी मारलेला पाहिलेला नसावा, ऐकलेला नसावा आणि तशी शंकाही नसावी. देवदत्तानं मागणी केली होती की भिक्खूंना मासे आणि मांस कायमचं बंद करा. बुद्धांनी नकार दिला. पुढे महायान पंथातल्या लंकावतार सूत्रानं मांसाहाराला कडक विरोध केला आणि चीनमधले भिक्खू शाकाहारी झाले. थायलंड-श्रीलंकेतले सरसकट झाले नाहीत.

मराठीतही हा वाद रंगलेला आहे. गोव्यात जन्मलेले धर्मानंद कोसंबी यांनी "भगवान बुद्ध" या पुस्तकात बुद्धांच्या मांसाहाराबद्दल आडपडदा न ठेवता लिहिलं. श्रमणांच्या मांसाहारावरच्या त्या लिखाणावरून जैन समाजात मोठी खळबळ उडाली होती.

आणि बाबासाहेब? त्यांनी नियम आणि तत्त्व यांत फरक केला. नियम माणसाला बांधून टाकतो, तत्त्व विचार करायला लावतो. बुद्धांची अहिंसा हे तत्त्व आहे, असं त्यांनी मांडलं. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दिलेल्या २२ प्रतिज्ञांत सर्व प्राणिमात्रांवर दया आहे, दारू न पिणं आहे, पण "शाकाहारी होईन" अशी प्रतिज्ञा नाही. ठरवायचं ज्यानं त्यानं, ही यातली मेख.

सम्राट अशोकाचं उदाहरण मला सगळ्यात जवळचं वाटलं. पूर्वी राजवाड्याच्या स्वयंपाकघरात रोज लाखो प्राणी मारले जायचे, ते आता दोन मोर आणि एका हरणावर आलेत, हरीणही रोज नाही आणि पुढे हेही थांबेल, असं त्यानं शिलालेखात चक्क लिहून ठेवलंय. "सोमवारपासून एकदम बंद" म्हणणाऱ्या आपल्यासारख्यांनी हा डाएट प्लॅन बघून ठेवावा!

आजीचं सोडणं

आजी आतापर्यंत गप्प होत्या. नात चहात दूध नको म्हणाली तेव्हा बोलल्या, "ही दूध नको म्हणती. आमाला तर मिळतच नव्हतं."

मग त्यांनी जे सांगितलं ते कुठल्याही वेलनेस कॉलममध्ये येणार नाही. त्यांच्या आईच्या काळात गावात जनावर मेलं की महारवाड्याला बोलावणं यायचं. मेलेलं ओढून न्यायचं आणि मोबदला म्हणून तेच खायचं. उरलेल्या मांसाच्या पट्ट्या वाळवून चान्या करायच्या, त्या टंचाईत पुरायच्या. १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी मृत जनावरांचं मांस सोडा असं सांगितलं. ते सांगणं गावोगाव पोचत पोचत या घरातही आलं.

"मायनं एक दिवस गाडगंच फोडलं," आजी म्हणाल्या. "खायाला दुसरं काय व्हतं? काईच नाही. पण त्ये सोडलं." पुढे १९७२ च्या दुष्काळात आजी स्वतः खडी फोडायला जायच्या. मिलो आणि सुकडीवर दिवस काढले. "तवा आमी समदे तुज्यासारकेच व्हतो," त्या नातीला म्हणाल्या आणि खळखळून हसल्या. नातही हसली, पण जरा उशिरा.

उस्मानाबादकडचे शाहू पाटोळे यांनी "अन्न हे अपूर्णब्रह्म" या २०१५ च्या पुस्तकात मराठवाड्यातली ही खाद्यसंस्कृती लिहून ठेवलीय. शीर्षकातच सगळं आलं. ज्या जेवणाला आपल्या पाककृतींच्या पुस्तकांनी कधी जागा दिली नाही, त्याची ही नोंद.

फ्लॅट मिळत होता, पण...

रात्री गच्चीवर मैत्रीण तिची गोष्ट बोलली. तीन वर्षांपूर्वी तिनं संभाजीनगरच्या "धम्म अजंता" केंद्रात विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर केलं. पहाटे चारला घंटा, मौन, साधं शाकाहारी जेवण, अकराला दुपारचं ताट. नव्या साधकांना संध्याकाळी पाचला फळं मिळतात, जुन्यांना फक्त लिंबूपाणी. फी नाही. शेवटी ज्याला वाटेल त्यानं दान द्यायचं. "दहा दिवस कुणी मला व्हेज हो म्हणालं नाही," ती म्हणाली. "पण बाहेर आल्यावर चिकनच्या दुकानासमोरून जाताना पिंजऱ्यातल्या कोंबडीकडे बघितलं आणि पाय अडखळला. झालं." दूध नंतर सुटलं.

खरी परीक्षा पुढेच होती. चुलत भाऊ चिडवायला लागले, "बामणीण झालीस का काय?" आणि पुण्यात फ्लॅट शोधताना एजंटनं नेहमीचा प्रश्न टाकला, "व्हेज की नॉनव्हेज?" तिनं खरं ते सांगितलं. मालक खूश झाले. आडनाव कळल्यावर म्हणाले, "तुमच्यात सगळं खातात ना? पण तुम्ही वेगळ्या दिसता. चालेल."

तिनं तो फ्लॅट घेतला नाही.

"मी कोंबडीसाठी सोडलंय गं," ती म्हणाली. "त्यांच्या पाटीसाठी नाही. त्यांना वाटलं मी त्यांच्यात आले. उद्या आई माझ्याकडे राहायला आली आणि तिनं सुकट भाजली तर?"

गच्चीवर मला जे कळलं ते एवढंच. या एका घरात तीन बायकांनी तीन गोष्टी सोडल्या. पणजीनं मेलेलं मांस स्वाभिमानासाठी, आईनं तीन महिन्यांचं मटण श्रद्धेपोटी, नातीनं दूधसुद्धा करुणेपोटी. तिघींनी स्वतः ठरवून सोडलं. "फक्त शाकाहारींसाठी" ही पाटी यांपैकी कशातच बसत नाही, कारण तिथे दुसऱ्यानं काय खायचं हे तिसराच ठरवतो. ऑफिसातला तो निरागस प्रश्नसुद्धा बऱ्याचदा खाण्याबद्दलचा नसतोच. आडनाव न विचारता आडनाव विचारायची ती एक पद्धत असते.

आणि मग अजिंठा

दुसऱ्या दिवशी भोकरदन-सिल्लोडमार्गे अजिंठा गाठलं. या वेळी लेणी वेगळीच दिसली. १७ नंबरच्या लेण्यात सुतसोम जातक आहे. माणसाच्या मांसाची चटक लागलेल्या राजाची ही गोष्ट, चित्रात चक्क स्वयंपाकघर आहे. त्या राक्षसी भुकेला बोधिसत्त्व वळण लावतो ते समजावून, बंदी घालून नव्हे. १ नंबरच्या लेण्यात शिबी राजा आहे, कबुतराच्या बदल्यात स्वतःचं मांस तराजूत घालणारा. मैत्रीण त्या चित्रासमोर बराच वेळ उभी होती. मी फोटो काढला नाही.

प्लॅन करताय?

*कसं जाल:* मुंबईहून जालन्याला थेट रेल्वे आहे, देवगिरी एक्सप्रेस रात्रभरात सोडते. पुण्याहून रात्रीच्या बस मिळतात. जालन्याहून हसनाबादपर्यंत एसटी किंवा गाडीनं साधारण तास-सव्वा तास.

*कधी जाल:* आषाढ ते आश्विन. हिरवं शिवार आणि वर्षावास, दोन्ही मिळतं. तुरीच्या ताज्या शेंगा हव्या असतील तर डिसेंबर-जानेवारी. अजिंठा सोमवारी बंद असतं.

*काय खाल:* येसराची आमटी, धपाटे, अंबाडी, पिठलं-भाकरी. व्हीगन असाल तर भाकरीवर तूप नको एवढंच आधी सांगा. बुद्ध पौर्णिमेला गेलात तर खीर असते, सुजातेच्या आठवणीची. ती दुधाची.

*काय आणाल:* मिरची, येसर आणि तूरडाळ.

*आणि हो:* कुणाच्या घरी जेवायला बसलात तर "तुम्ही व्हेज की नॉनव्हेज?" विचारू नका. "आज काय केलंय?" एवढं पुरतं.